बोटावरचं मीठ

मित्रांनो, मी टंगस्टनची एक जुनी नळी आहे, तुमच्या करंगळीएवढी. फिनलंडमध्ये एका तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत शिशाच्या पेटीत मी पडून आहे. आता मला कुणी हात लावत नाही, कारण मी किरणोत्सारी झाले आहे.

मला घडवलं रायमो नावाच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने. पांढरीशुभ्र होईपर्यंत मला तापवत. मोठं यंत्र माझ्या पोटात घटकाभरचे पाहुणे, म्हणजे किरणोत्सारी अणू, आणून टाकी. मी प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेई आणि त्याला चुंबकाकडे धाडी. चुंबक त्यांना वजनाप्रमाणे वेगळं करी. डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्यातले कितीतरी अणू संपून जात, त्यामुळे मला आळस परवडत नसे.

रायमोची शिष्या इंकेरी अनेक वर्षं अशाच एका अणूच्या मागे होती. त्याचं वजन अजून कुणी मोजलं नव्हतं. यंत्र तिला एकच आठवडा मिळालं होतं. मला जागेवर बसवताना रायमोने माझ्यावरून हलकेच बोट फिरवलं. बोलून माया दाखवणारी ही माणसं नव्हेत.

यंत्र सुरू झालं आणि इंकेरीचा चेहरा पडला. "रायमो, नुसतं पोटॅशियम येतंय, बोटांच्या घामातल्या मिठातलं. या गर्दीत माझे अणू बाहेर पडणार कसे? हातमोजे घातले होतेस ना?" इथे गुरूलाही नावानेच हाक मारतात.

रायमोने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "उजवा काढला होता. आणि आपल्याकडच्या त्या ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या खात होतो."

"आम्हाला हातमोज्यांवरून रडवतोस, आणि स्वतः नळीला मीठ चोळतोस?"

"आणखी तापवली तर मीठ उडून जाईल. पण मग ती तडकेल."

"तापव. उन्हाळ्यात माझी नोकरी संपतेय. पुढची वेळ मला मिळायची नाही."

रायमोने स्वतःच्या हाताने आच वाढवली. मला फार सोसावं लागलं. हळूहळू मीठ सरलं, वाट मोकळी झाली आणि पडद्यावर इंकेरीच्या अणूंचा एक लहानसा उंचवटा उठला. इंकेरीने दोन कप कॉफी ओतली आणि एक रायमोपुढे ठेवला. वजन मोजून झालं त्याच दुपारी मी तडकले. मला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही.

मित्रांनो, माया जरूर करा. पण ज्याच्यावर कराल त्याला काय सोसतं, ते आधी पाहा. इंकेरीची नोकरी टिकली. आता नवी नळी तीच बसवते. रायमो दाराशी उभा राहून पाहतो, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.