सराईत

ज्या न्यायाधीशाने तिच्या भावाला चौदा वर्षं ठोकली, त्याने न्याय केला नाही, जुन्या फायलींचा राग काढला. शिवणकाम करणारी थोरली बहीण हे मनात म्हणत नव्हती. अपिलाच्या कोर्टाबाहेर बाकावर बसून वकिलाला तोंडावर ऐकवत होती.

“हळू, ताई. आत ऐकू जाईल.”

“जाऊ दे की.”

भाऊ धुतल्या तांदळासारखा आहे, असं तिचं म्हणणंच नव्हतं. घड्याळाच्या दुकानातली जबरी चोरी त्यानेच केली, आयुष्यातली तिसरी. पण सुरा साथीदाराच्या हातात होता, दुकानदाराचा अंगठाही त्यानेच चिरला. त्याचा पहिलाच गुन्हा, म्हणून त्याला चार वर्षं. भावाला चौदा, कारण निकालपत्रात एक शब्द होता: सराईत.

“सराईत म्हणे! वीस वर्षं काजं करतेय, डोळे मिटून करते, त्याला म्हणतात सराईत. हा तिन्ही वेळा सापडला. एकदा तर स्वतःच्याच गाडीची किल्ली दुकानात विसरून पळाला.”

वकिलाने हसू खोकल्यात दडपलं. “आत थोडं रडा. म्हातारी आई आहे म्हणा.”

“आई याच्याच पायी गेली. खोटं तुम्ही बोला, तुमचा धंदा आहे.”

आत दोन शिपायांच्या मध्ये भाऊ मान खाली घालून उभा होता. सरकारी वकील म्हणाला, “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, साहेब.” अपिलाच्या न्यायाधीशाने चष्म्यावरून पाहिलं. “नातेवाइकांना काही सांगायचंय?”

ती उठली. भाऊ पुटपुटला, “ताई, नको ना.”

“तू गप. तुझी बाजू घ्यायला नाही उठले.” ती समोर वळली. “पहिल्या चोरीची दोन वर्षं त्यानं भोगली. दुसरीची पाच. तुमच्याच तुरुंगात. ती फिटली की नाही?”

“फिटली.”

“या चोरीची चार, साथीदाराला दिली तेवढी. द्या, माझी ना नाही. वरची दहा कशाची?”

“कायद्यात तरतूद आहे, बाई.”

“देता येतात, हे कळलं. कशाची, ते विचारतेय.”

न्यायाधीशाने पुढच्या फायलीला हात घातला. शिपाई तिच्या दंडाला धरायला आला. तिने हात झटकला.

“ती फाइल राहू द्या, साहेब. आधी बोला. दहा वर्षं कशाची?”