बारा सुया

दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून चंद्रप्पानं सातवी सुई ओवली आणि साबणाच्या वाळलेल्या वडीत खोचली. आठवीही एका दमात गेली. हाताला जरासाही कंप नव्हता, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

शिलाई मशीनच्या पलीकडे करीमचाचा अंगठ्यानं एका पँटची शिवण चाचपत बसले होते. सुया ओवल्या जात असताना ते कधीच बोलत नसत.

हा रिवाज तीन वर्षांचा. त्याच्या थोडं आधी चंद्रप्पानं पिऊन टेम्पो चालवला आणि अहमदपूरच्या मोंढ्याच्या बाजारासमोर करीमचाचांना सायकलसकट उडवलं. उजव्या पायाची दोन हाडं मोडली, आत सळई बसली. कोर्टात चंद्रप्पानं गुन्हा कबूल केला. आता सहा महिने आत जायचं अशी खूणगाठ बांधून तो पिंजऱ्यात उभा होता. तेवढ्यात कुबड्या टेकत करीमचाचाच पुढं झाले. म्हणाले, "साहेब, पोरगा पळाला न्हाई. उचलून दवाखान्यात नेलं त्यानं मला. जामीन मी राहतो." अख्खं कोर्ट तोंडात बोट घालून बघत राहिलं. जजसाहेबांनी शिक्षा थांबवून ठेवली आणि तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला. नशापाणी करायचं नाही, नवा गुन्हा करायचा नाही, दर महिन्याला लातूरच्या प्रोबेशन ऑफिसात हजेरी द्यायची आणि सोबत जामीनदाराच्या सहीचा दाखला न्यायचा. यातलं काही मोडलं, तर थांबवलेली शिक्षा भोगायची.

पहिल्या महिन्यात तो सहीसाठी दुकानात आला, तेव्हा करीमचाचांनी कागदाकडे बघितलंही नाही. बारा सुया आणि दोऱ्याचं रीळ पुढं केलं. "आधी हे कर."

दारू सोडून तेव्हा जेमतेम वीस दिवस झालेले. हात लटलट कापत होते. बारा सुया ओवायला त्याला तास लागला, दोन हातातून निसटून फरशीवर गेल्या. करीमचाचांनी एका शब्दानं घाई केली नाही. बारावी सुई झाल्यावरच त्यांनी पेन उचललं. घरी गेल्यावर चंद्रप्पा बायकोला म्हणाला होता, "लई पोचलेला माणूस हाय. तोंडाचा वास घेत न्हाई, हात बघतो."

तेव्हापासून त्याला कोर्टापेक्षा त्या सुयांची धास्ती. भूकंपाच्या साली, बाविसाव्या वर्षी, तो ढिगाऱ्यांच्या गावातून ट्रकनं मुडदे वाहत होता. वास सोसवत नाही म्हणून ठेकेदारानं ड्रायव्हरांना आठ दिवस बाटल्या वाटल्या. ढिगारे उपसले, नवी गावं वसली, पण बाटली काही सुटली नाही. देवाच्या शपथा झाल्या, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून झाला. सुटली ती या सुयांच्या धाकानं. महिन्याची वीस तारीख उलटली, की तो घरी बायकोच्या सुईवर सराव करायचा.

आता लातूरच्या क्लासला जाणारी अकरा पोरं तो रोज व्हॅननं न्यायचा आणि आणायचा. पुढच्या सीटवर त्याची स्वतःची लेक मनस्विनी. महिन्याभरावर तिची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा आलेली. बाँडचे एकोणीस दिवस उरले होते. गंगेत घोडं न्हायला आलं होतं, आणि खिशात नांदेडच्या वाहतूक पोलिसांचा कागद होता.

रविवारी क्लासला सुट्टी म्हणून एका मिरचीच्या व्यापाऱ्याला घेऊन तो धर्माबादला गेला होता. परत निघताना ओळखीच्या संगप्पानं शिंदीच्या झाडाखाली बसवलं आणि दोन ग्लास पुढं केले. शिंदीला त्या भागात दारू कोण म्हणतं? उन्हाळ्यात अंगाला थंडावा म्हणून म्हातारेकोतारेही घेतात. सकाळी उतरवलेली, गोड. पण तोवर दुपार झाली होती, उन्हानं ती आंबवली होती. नांदेडच्या नाक्यावर पोलिसानं तोंडात नळी दिली, यंत्र वाजलं, आकडा आला. परवाना काढून घेतला आणि कोर्टात हजर राहायचा कागद हातात पडला.

नांदेडचं कोर्ट वेगळं, लातूरचं वेगळं. तिकडचा दंड इकडे कुणाला कळायचं कारण नव्हतं. फक्त या शेवटच्या दाखल्यावर करीमचाचांची सही हवी होती. चंद्रप्पानं मनाशी ठरवलं होतं, हात कापले तर सांगून टाकायचं. सुईच काय तो निकाल देईल. आणि सुई तर झरझर चालली होती. आठ झाल्यावर त्याच्यानंच राहवेना.

"चाचा, राहिलेल्या मागून ओवतो. आधी सही करता का?"

"आण. कुठं करायची, दाखव."

त्यानं नेहमीसारखं सहीच्या जागी बोट ठेवलं. करीमचाचांचा डावा हात कागदावरून सरकत आला, त्याचं बोट सापडलं, नखापर्यंत उतरला. पेनाचं टोक नखाला येऊन टेकलं. हेही दर महिन्याचंच. म्हातारा माणूस, एकेकाची पद्धत, असं चंद्रप्पा समजत आला होता. पण आज त्या थंड टोकाचा स्पर्श होताच त्यानं चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं.

पेन कागदावर अधांतरी थांबलं. थोडं इकडं सरकलं, थोडं तिकडं.

"बोट कुठं गेलं?" करीमचाचांनी विचारलं.

चंद्रप्पानं वर बघितलं. चष्म्यामागचे डोळे कागदावर नव्हतेच. ते कागदाच्या पुढं कुठंतरी, मशीनच्या चाकाकडे लागले होते.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "ह्यात काय लिव्हलंय?"

"मला काय विचारतोस? कागद तुझा."

"तुमी वाचला न्हाई?"

करीमचाचांनी पेन खाली ठेवलं. आतल्या दाराकडे कान दिला. आत बिलकीसचाची भांडी घासत होत्या. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "चार वर्षं झाली. माणूस दिसतो, रस्ता दिसतो. हातातलं काही दिसत न्हाई, नुसता धूर. डॉक्टर म्हणतो, पडद्याचं दुखणं हाय, चष्म्यानं जायचं न्हाई. मशीन हाताच्या सवयीनं चालते. तुरपाईची सुई मात्र ओवता येत न्हाई, बाबा."

"मंजी ह्या सुया..."

"महिनाभर पुरतात मला. जपून वापरतो."

"चाचीला सांगायचं."

"ती रडत बसंल. आन् गिऱ्हाइकाला कळलं तर आंधळ्या दर्ज्याकडं कापड कोण देईल?"

"मग मलाच का?"

करीमचाचा जरा हसले. "तू मला भर रस्त्यात धूळ खात पडलेलं बघितलंस. तुझ्याफुडं आता काय झाकायचं?"

पस्तीस महिने चंद्रप्पा परीक्षा देत होता, आणि परीक्षा घेणारं कुणी नव्हतंच. ज्याचा पाय त्यानं मोडला, त्या माणसानं पस्तीस वेळा, काय लिहिलंय ते न बघता, केवळ त्याच्या बोटावर भरवसा ठेवून सही केली होती. वास नाही, हात नाही, काहीच तपासलं नव्हतं. देवळात गेल्यावरही त्याला कधी असं वाटलं नव्हतं. त्या म्हाताऱ्यासमोर आपण फार लहान आहोत असं वाटून त्याची मान आपोआप खाली गेली.

भिंतीला भूकंपात गेलेली भेग तशीच होती. तिच्यात करीमचाचांनी कापड मोजायची पट्टी खोचून ठेवली होती. तिच्याकडे एकदा बघून चंद्रप्पानं कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

"'माझ्या माहितीप्रमाणे, सदर इसमाने या महिन्यात कोणतेही नशापाणी केलेले नाही.'" तो थांबला. मग खिशातला कागद उलगडून तोही वाचला. तारीख, नाका, गाडीचा नंबर, यंत्रावरचा आकडा, सगळं.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"शिंदी?" करीमचाचांनी विचारलं.

"दोन गिलास. गोड लागली."

"उन्हं चढल्यावर घेतली असशील."

"हाव."

"सही करतच होतो मी. वाचून कशाला दाखवलंस?"

करीमचाचा काठीला धरून उठले, दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. लांबचं त्यांना दिसत होतं. जामीन आता गेला, व्हॅन गेली, मनस्विनीची परीक्षा आपण तुरुंगात असताना होणार, हे चंद्रप्पाला लख्ख कळून चुकलं.

"चार सुया राहिल्यात," ते न वळता म्हणाले. "त्या ओव."

त्यानं नववी सुई उचलली. या वेळी मात्र हात कापत होते. चार सुयांना अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं लातूरच्या प्रोबेशन ऑफिसात अधिकारी सौदामिनी मॅडमसमोर बसले होते. मॅडमनी नांदेडचा कागद दोनदा वाचला. चंद्रप्पानं स्वतःच्या हातानं लिहिलेला दाखला त्याला जोडलेला होता, 'सदर इसमाने या महिन्यात शिंदी घेतली, व ते त्यानेच सांगितले' असा.

"अठरा दिवस राहिले होते हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "आता हे मला कोर्टाला कळवावंच लागेल. साहेब शिक्षा सुनावतील, किंवा पहिलीच चूक म्हणून दंड करून बाँड चालू ठेवतील. जामीनदार कायम आहे का, हेही बघतील." त्या करीमचाचांकडे वळल्या. "करीमभाई, तुम्हाला आज बाहेर पडता येईल. कुणी बोट दाखवणार नाही. राहायचं असेल, तर या दाखल्यावर सही. काय लिहिलंय ते वाचलंत ना?"

"वाचून घेतलं."

"कुणाकडून?"

"चंद्रप्पाकडनं."

मॅडम काही बोलणार होत्या, पण करीमचाचांनी पेनासाठी हात पुढं केला होता.

"कुठं करायची, दाखव."

चंद्रप्पानं बोट ठेवलं. करीमचाचांचा हात चाचपत आला, नखापर्यंत उतरला, आणि पेन चाललं. मॅडम त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारची फाईल ओढली आणि पहिल्या महिन्यापासूनचे दाखले एकेक करून उलटायला लागल्या. पस्तीस सह्या होत्या. प्रत्येक सही ओळीच्या बोटभर वर होती, ओळीवर कुणीतरी बोट ठेवल्यासारखी.

त्यांनी फाईल मिटली, चष्मा काढून पदरानं पुसला, आणि कोर्टाला पाठवायचा अहवाल लिहायला घेतला. पहिलीच ओळ होती, 'जामीनदार कायम आहे.'