धाकटी दोन दिवस भांडली नाही

“श्वास आत घ्यायचा नाही, मॅडम. धूर नुसता तोंडात भरायचा, दोन क्षण ठेवायचा आणि सोडून द्यायचा.”

काउंटरमागच्या माणसाने हे इतक्या सवयीने सांगितलं की थोरलीला हसू आलं. तेहतीस वर्षं ती एक्स-रेच्या खोलीत याच्या बरोबर उलट सांगत आली होती. छाती टेकवा, हनुवटी वर, खोल श्वास घ्या, धरून ठेवा. दिवसाला साठ-सत्तर छात्या. आणि आता, निवृत्तीला तीन महिने झाल्यावर, जहाजाच्या सातव्या मजल्यावरच्या या चिंचोळ्या दुकानात एक माणूस तिला सांगत होता की फुप्फुसांचं इथे काही काम नाही.

“आणि गेलाच आत तर?”

“ठसका लागेल. शेजारच्यांची करमणूक होईल.”

त्याच्या मागच्या काचेच्या कपाटात सिगारी रांगेने निजवल्या होत्या आणि कोपऱ्यात आर्द्रतेचा काटा एकोणसत्तरवर उभा होता. एकोणसत्तरच का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, कोरडी पडली की भराभर जळते आणि जीभ भाजते, ओलसर राहिली की ओढली जात नाही, सारखी विझते. काटा तो दिवसातून तीनदा बघायचा. ज्या वस्तूला काटा आहे आणि त्या काट्याकडे रोज बघणारा माणूस आहे, तिच्याबद्दल थोरलीला आपोआप आदर वाटायचा.

“पाऊण तास पुरेल अशी द्या. जेवणाच्या आत संपली पाहिजे.”

“भेट द्यायची आहे का? कागदात बांधून देतो.”

“नाही. मलाच ओढायची आहे.”

त्याने मान हलवली, टोक कापून दिलं आणि लांब काड्यांची पेटी सोबत ठेवली. सिगारी विकणारा माणूस म्हणून त्याची ही वागणूक तिला फार सभ्य वाटली.

सिगारची गोष्ट जुनी होती. तिच्या विभागाचे मोठे डॉक्टर नवीन यंत्र बसलं की सिगारींचा डबा उघडायचे. तेहतीस वर्षांत तीन यंत्रं बसली. तिन्ही वेळा जोडणी करणाऱ्या इंजिनिअरांना, तंत्रज्ञांना, अगदी खोकी उचलून आणणाऱ्यांनाही एकेक सिगार मिळाली आणि तिला चॉकलेटचा डबा. तिसऱ्या यंत्राची चाचणी तिने एकटीने रविवारी येऊन केली होती. तेव्हाही चॉकलेटच. त्या खोलीतला तो गोडसर, जडसर वास अंगावर घेऊन ती घरी जायची आणि जिन्यात थांबून बाही हुंगायची.

आज मात्र घाईचं कारण वेगळं होतं. निवृत्तीच्या तपासणीत तिच्या स्वतःच्या छातीची फिल्म काढली, तेव्हा उजव्या बाजूला वर, फासळीच्या मागे अर्धा लपलेला एक डाग दिसला. आठ मिलिमीटर. तिने तो डॉक्टरीणबाईंच्या आधी पाहिला. बाई म्हणाल्या, तीन महिने थांबू आणि सीटी करू. सीटी जहाजावर चढायच्या आदल्या दिवशी झाला. रिपोर्ट दोन दिवसांत येणार होता, पण थोरलीने जहाजावरचं इंटरनेट घेतलं नव्हतं. उद्या सकाळी जहाज बंदराला लागेल तेव्हा फोन चालू होईल आणि काय ते कळेल.

म्हणून सिगार आजच. तिने हे नीट विचार करून ठरवलं होतं. रिपोर्ट वाईट आला, तर सिगार ओढणं म्हणजे रडारड. चांगला आला, तर हातातलं दैव ओवाळून टाकल्यासारखं. काहीच माहीत नसलेला असा आजचाच एक दिवस होता. घरात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं, निदान तिचा तसा समज होता.

धूम्रपानाची जागा मागच्या डेकवर, काचेच्या आडोशाला होती. तिथल्या लाकडी खुर्चीत धाकटी पाय पसरून बसलेली दिसली तेव्हा थोरली जागच्या जागी थबकली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. अठ्ठावीस वर्षं दोघी एकाच घरात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहत होत्या. दोघींचे नवरे आता नव्हते. धाकटीच्या मुलाने आई आणि काकू यांना मिळून हे पाच दिवसांचं तिकीट काढून दिलं होतं. “एकाच खोलीत दोघी? जहाज बुडवाल,” असं तो म्हणाला होता. जिन्यात कुणी विडी ओढली तरी धाकटी वरून पाणी ओतायची. ती इथे?

“तू इथे कुठे? खाली हाउजी सुरू झाली असेल ना?”

“नाही गेले. निवांत वाटतं इथे.”

“इथे सगळे धूर सोडायला येतात.”

“सोडू देत की. समुद्र काय आपल्या एकटीचा आहे?”

थोरली शेजारच्या खुर्चीत बसली आणि सिगार बाहेर काढली. लपवण्यात अर्थ नव्हता. “मी आज ही ओढणार आहे,” ती म्हणाली आणि पुढच्या भडिमारासाठी सावरून बसली.

“ओढा ना, ताई.”

“वास येईल.”

“येऊ दे. उद्या केस धुवा, झालं.”

थोरलीने काडी पेटवली. दुकानातल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे ज्योत टेकवली नाही, जरा लांब धरून टोक गोल फिरवत शेकलं. मग पहिला झुरका. आधी नुसती ऊब आली, नंतर जुन्या लाकडी कपाटाचा खण उघडावा तसा वास, आणि जिभेच्या कडेला मिरीसारखी चुणचुण. ठसका लागला नाही. तिने धूर सोडला. आडोशामुळे वारा नव्हता, त्यामुळे पेटलेल्या टोकापासून धूर आधी एका सरळ रेघेत वर चढत होता आणि साधारण वीतभर उंचीवर एकदम विस्कटत होता. ती वीत प्रत्येक वेळी तेवढीच भरत होती. चार-पाच वेळा तिने नुसतं तेच पाहिलं. तेहतीस वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं की या वस्तूत बघण्यासारखंही इतकं आहे.

तिसऱ्या की चौथ्या झुरक्याला तिला खरोखर मजा वाटू लागली आणि त्याच वेळी मनात काहीतरी टोचलं.

धाकटी भांडत नव्हती. आजच नाही, कालपासूनच. परवा रात्री बाल्कनीकडच्या पलंगावरून तिने अर्धा तास वाद घातला होता. काल दुपारी म्हणाली, तुम्हीच झोपा तिकडे, मला समुद्र बघून गरगरतं. खोलीचं कार्ड थोरलीने दोनदा हरवलं, तरी अवाक्षर नाही. आज नाश्त्याला तर तिने संत्रं सोलून, शिरा काढून पुढ्यात ठेवलं. अठ्ठावीस वर्षांत धाकटीने तिला सोललेलं काही दिलं नव्हतं. सोलून काढलं होतं, ते वेगळं.

“तुमच्यासाठी चहा सांगू का, ताई?” धाकटी हसून म्हणाली.

थोरलीने ते हसू ओळखलं. ते तिचंच होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिला शिकवलं गेलं होतं की फिल्मवर काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. डॉक्टर सांगतील, एवढंच म्हणायचं. पण नुसता कोरा चेहरा लोकांना कळतो. म्हणून तिने स्वतःची रीत काढली होती. थोडंसं हसायचं आणि लगेच विचारायचं, चहा घेतलात का?

तिने सिगार अॅशट्रेच्या कडेवर ठेवली.

“तुझा फोन दे.”

“कशाला? चार्जिंग नाही.”

“अगं, दे म्हटलं ना.”

“उद्या बंदर येतंय की. तुमच्याच फोनवर बघा काय बघायचं ते.”

हे बोलल्यावर धाकटीने ओठ आवळले, पण उशीर झाला होता. थोरलीच्या डोळ्यांसमोर सीटीचा अर्ज उभा राहिला. जवळच्या नातेवाइकाचा फोन, हा रकाना. तो रिकामा ठेवून आलेल्या किती पेशंटांना तिने परत पाठवलं होतं. या वेळी तिने तो स्वतः, शाई न फुटता, नीट अक्षरात भरला होता. रिपोर्ट दोन्ही नंबरांवर जातो, हेही तिला पाठ होतं. फक्त ते स्वतःला लागू आहे हे लक्षात आलं नव्हतं.

“कधी आला?”

“काल सकाळी. मुलाने मला इथलं इंटरनेट घेऊन दिलंय ना, नातवाचे फोटो बघत होते, त्यातच मध्ये आला.” धाकटी समुद्राकडे बघत बोलत होती. “वर तुमचं नाव होतं. मग उजवं फुप्फुस आणि आठ मिलिमीटर एवढं कळलं. पुढे वाचायचा धीर झाला नाही. बंद केला. मुलाला विचारलं असतं, पण तो पोटात ठेवणारा नाही, जहाजाला फोन लावला असता त्याने.”

“मला सांगायचंस.”

“तुम्ही सांगितलं होतं?”

अकरा वर्षांपूर्वी खोकला जात नाही म्हणून धाकटीचा नवरा तिच्याच खोलीत छाती टेकवून उभा राहिला होता. फिल्म पाहिल्यावर कुणी सांगायची गरज नव्हती. तो गुरुवार होता आणि डॉक्टर सोमवारी येणार होते. बाहेर धाकटी बाकावर बसली होती. डॉक्टर सांगतील, थोरली तिला म्हणाली होती. त्यानंतर सात महिने. त्या वाक्याबद्दल धाकटीने कधी विचारलं नाही, पण बादली, दिवा, जिना, दार या सगळ्यांवरून जे भांडण व्हायचं त्याच्या तळाशी तेच आहे, असं थोरली अकरा वर्षं धरून चालली होती.

“मला तिथेच कळलं होतं,” धाकटी म्हणाली. “तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. त्याआधी कधी हसला होतात माझ्याकडे बघून?”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं ना. मग ह्यांनाही कळलं असतं.” तिने पदराने नाक पुसलं. “रविवारी आम्ही तळ्यावर गेलो होतो. ह्यांनी भाड्याची होडी घेतली आणि वल्हं मारायला येत नाही तरी मारलं. गोलगोल फिरत बसलो. होडीवाला काठावरून ओरडतोय, हे त्याच्यावर ओरडतायत. नंतर दोन ताटं जेवले. सोमवारनंतर तसं एकदाही जेवले नाहीत. तो रविवार तुम्ही दिलात आम्हाला. मी म्हटलं, ताईंनाही पाच दिवस मिळू देत. तीन तरी.”

“तुला राग नव्हता?”

“राग कसला? तुम्ही बादली जिन्यात ठेवता त्याचा राग येतो. ठेवतातच कशाला माणसं जिन्यात बादली?”

थोरलीला छातीवर कुणीतरी अकरा वर्षं टेकवून ठेवलेली थंड पाटी बाजूला घेतल्यासारखं झालं. मग तिने हात पुढे केला आणि या वेळी धाकटीने निमूट फोन दिला.

तिने कामावर वाचायची तसाच रिपोर्ट वाचला. आधी नाव, मग वय, मग तारीख, मग बाजू. एका बाईचा रिपोर्ट दुसरीला गेल्याचं तिने दोनदा पाहिलं होतं. तिने फोन गुडघ्यावर ठेवला. उजवं फुप्फुस, वरचा भाग. आठ मिलिमीटर. धाकटी इथे थांबली होती. पुढे आणखी चार ओळी होत्या. त्या तिने एकदा वाचल्या, परत वरून सुरू करून पुन्हा वाचल्या.

“काय म्हणतोय?” धाकटीचा आवाज फाटला होता. “आणि आता डॉक्टर सांगतील म्हणालात तर फोन समुद्रात टाकीन.”

“नाही. मी सांगते.” असं वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती आणि ते नीट बोलावं म्हणून ती जरा थांबली. “तो डाग म्हणजे कॅल्शियम आहे. पूर्ण भरलेला, कडा गुळगुळीत. फार जुना. कधीतरी, वीस वर्षांपूर्वी असेल, खोकणाऱ्या कुणा पेशंटकडून मला क्षयाची लागण झाली असणार. शरीराने तिला आतल्या आत भिंत घातली आणि विषय मिटवला. मी कामावर जात होते, तुझ्याशी भांडत होते, तेव्हाच हे उरकून गेलंय. मला पत्ताही नाही. पुढे काही करायची गरज नाही, असं शेवटी लिहिलंय.”

“काही म्हणजे काहीच नाही?”

“काहीच नाही.”

धाकटीने खुर्चीखालून पर्स ओढली, त्यातून रुमाल काढला, परत ठेवला.

“दोन दिवस,” ती म्हणाली, “दोन दिवस मी घास गिळलेला नाही. काल रात्री तुमचा श्वास चालू आहे का ते बघायला चारदा उठले. आणि तुम्ही घोरता, ताई. ठार मेलेला माणूसही उठेल असं घोरता.”

“मग हलवायचं.”

“हलवणार कशी, आजारी माणसाला? आणि ते आधी विझवा. किती घाण वास आहे. फुप्फुस बरं निघालं म्हणून लगेच धुरांडं करायचं का त्याचं? बाल्कनीकडे आज मी झोपणार आहे, सांगून ठेवते.”

“झोप.”

“झोपणारच आहे.”

आणि ती तिथेच झोपली. बोलता बोलता डोकं मागे टेकलं, चप्पल पायातून सुटून पडली, तोंड किंचित उघडलं. थोरलीने सिगार उचलली. ती अजून पेटलेली होती. एवढ्यात बोटाच्या एका पेराइतकी राख तिच्या टोकावर अखंड टिकली होती. थोरली उठून धाकटीच्या दुसऱ्या बाजूला, कठड्यालगतच्या खुर्चीत जाऊन बसली. आडोसा तिथे संपत होता आणि धूर सरळ पाण्यावर जात होता. उरलेली सिगार तिने सावकाश ओढली. चव आता जास्त दाट झाली होती, कडवट, तरी हवीहवीशी.

गणवेशातला वाढपी जेवणाची वेळ झाल्याचं सांगायला आला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला परत पाठवलं.

जहाजाने दिशा थोडी बदलली असावी, कारण कलतं ऊन आता थेट धाकटीच्या तोंडावर येऊ लागलं आणि झोपेतच तिने कपाळाला आठी घातली. थोरलीने खुर्ची हातभर पुढे सरकवली. तिची सावली धाकटीच्या डोळ्यांवर पडली आणि आठी उतरली. ऊन जसं खाली जात होतं तशी ती सावली हळूहळू ढळत होती, म्हणून दर काही मिनिटांनी खुर्चीचा आवाज न करता ती आणखी जराशी सरकत राहिली.