लाल खुणेचं पुडकं

कचऱ्याचा सरकारी नियम आला तेव्हा इमारतीत सगळ्यांत जास्त खूश झाल्या त्या सासूबाई. उभा जन्म मुख्याध्यापिका म्हणून गेलेला, निम्मी इमारत त्यांच्या हाताखाली शिकलेली, सगळे अजून त्यांना मोठ्या बाईच म्हणत. त्यांनी पलंगावर पडल्यापडल्या सुनेकडून नियम वाचून घेतला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ठीक. पण डायपरसारख्या वस्तू कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून दाराबाहेर ठेवायच्या, हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

न्हाणीघरात पडल्यापासून त्यांना डायपर लागत होता. घरात तान्हं मूल नाही. पुडकं कोणाचं हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

"माझं पुडकं दारात दिसता कामा नये," त्या म्हणाल्या. या आवाजापुढे भलेभले गप्प बसत, तिथे सुनेची काय कथा!

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सुनेनं युक्ती काढली. कपडे धुण्याच्या पावडरीच्या रिकाम्या पिशवीत डायपर कोंबायचा, तोंड बांधायचं आणि पिशवी सुक्या कचऱ्यात टाकायची. एवढी हुशार बाई, पण एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. अशी जाड, धड पिशवी कचरा निवडणारी मावशी कधी फेकत नसे. रिकामी करून विकायला बाजूला ठेवी. तिनं ती उघडून आत हात घातला.

मावशीनं तक्रार केली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीनं इमारतीचा कचरा उचलणं बंद केलं. फाटकाशी ढीग साचला, माश्या घोंगावू लागल्या. सेक्रेटरीसाहेबांनी लगेच गुन्हेगार ठरवून टाकला: तळमजल्यावरची ओली बाळंतीण. चोर सोडून संन्याशाला फाशी! ती बिचारी बाळाला खांद्यावर घेऊन, आपण रोज लाल खूण करतो असं रडत सांगत होती आणि जिन्यात उभ्या असलेल्या सुनेला स्वतःची शिसारी येत होती.

ती खाली उतरली. पिशवी आपली आहे, आपल्यालाच तसला आजार आहे, असं तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सेक्रेटरीसाहेब चपलेकडे बघू लागले. मावशी तेवढी बोलली.

"आधी सांगायचं होतंत, ताई. याच हातानं मी नातवाला भरवते."

 

मग लाल पुडकं सुनेच्या नावानं रोज दारात बसू लागलं. जिन्यात बायका तिला बघून आवाज उतरवत. शेजारीण तर मोठ्या बाईंच्या उशाशी बसून, सुनेला या वयात हे काय नशिबी आलं, म्हणून हळहळून गेली. मोठ्या बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे पुडकी कमी झाली. एक दिवस तर निघालंच नाही. डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांना गुण आला म्हणून सून हरखली. मग अंग पुसताना तिनं सासूबाईंच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. ओठ भेगाळलेले होते. उशाशी पाण्याचा तांब्या रिकामा होता, आणि हाताच्या अंतरावर, खिडकीतल्या कुंडीत नुसता चिखल झाला होता.

सुनेनं स्वयंपाकघरातून पाणी आणलं. तिनं पेला भरून त्यांच्या तोंडाशी धरला.

"तुझ्या नावावर माझी घाण जायची नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज कसला, नुसता श्वास.

"मला त्याची लाज नाही वाटत, आई."

"मला वाटते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. सून पेला धरून तशीच बसून राहिली.