तोंडाला चिकटलेली अक्षत

मित्रांनो, तोंड लपवायला मला पदर नाही, म्हणून उघड्या तोंडानंच सांगतो. मी सोनोग्राफी मशीनचा जुना प्रोब. पेशंटच्या अंगावरून फिरवतात ना, तो. बेळगावातल्या एका दवाखान्यात हुकाला लटकतो.

नवा होतो तेव्हा माझं तोंड आरशासारखं होतं. सुवर्णा डॉक्टर खांद्याची ऑपरेशनं दुर्बिणीतून करतात. नस कुठं आहे, दुर्बीण कुठून घालायची, ते मी पडद्यावर दाखवायचो. "हा असल्याशिवाय मी सुरी उचलत नाही," असं त्या म्हणायच्या. मी फुगायचो.

मग खंडेनवमी आली. दवाखान्यातल्या आमच्या मदतनीस गुणाआक्कांनी सगळ्या मशीनींना हळद-कुंकू वाहिलं. मला तर तोंडावरच कुंकू आणि अक्षता. तपासताना लावतात ते कालचं चिकट जेल अजून ओलंच होतं, त्यात एक तांदूळ रुतला आणि वाळून घट्ट बसला. नंतर कुणी पुसलं नाही. पूजा झालेल्याला कोण पुसतंय?

दसरा झाला आणि वडगावचा विणकर नागेंद्र टेबलावर आला. मागावरचा तुटलेला धागा धरायला हात वर केला, की त्याचा उजवा खांदा निखळायचा. हात बधिर केलेला, पण माणूस जागा. मला प्लास्टिकची पिशवी चढवून खांद्यावर टेकवलं. पडद्यावर काळी सावली.

"हाडाचा तुकडा दिसतोय," डॉक्टर म्हणाल्या. "दुर्बिणीनं भागणार नाही. खांदा मोठा उघडावा लागेल."

"मग माग चालवाय येतंय न्हवं, म्याडम?"

ताडून बघायला डॉक्टरांनी मला डाव्या खांद्यावर ठेवलं. तिथंही तुकडा.

"ह्यो तर कधीच निखळला न्हाय," नागेंद्र म्हणाला.

मग गुणाआक्कांच्या दंडावर. तिथंही तोच.

"मलाबी हाय व्हय?" म्हणत आक्का मटकन स्टुलावर बसल्या.

डॉक्टरांनी पिशवी काढली. माझ्या तोंडावर लाल तांदूळ.

"आक्का, हा तुकडा कुणाचा?"

"देवाचा हाय म्याडम," आक्का पुटपुटल्या.

नागेंद्र पडल्या पडल्या हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शब्दावर एका माणसाचा खांदा फाडायला निघाले होते.

मला पुसलं, नवी पिशवी चढवली. नस स्वच्छ दिसली. बारीक भोकांतूनच खांदा आतून शिवला.

आज पुन्हा खंडेनवमी. नागेंद्र झेंडूचा हार घेऊन आला. उजवा हात सरळ वर नेऊन त्यानं तो माझ्या हुकाला घातला. खांदा जागचा हलला नाही.

मित्रांनो, पूजा करा, मी नको म्हणत नाही. पण आधी पुसा, आणि नंतरही पुसा. हाराची एक पाकळी माझ्या तोंडावर बसली आहे, आणि दवाखाना बंद करून सगळे प्रसादाला गेले आहेत.