मांजर नसलेले तोडे

मांजर.

कैरोच्या सराफ्यात जुनी चांदी हाती आली की नबविया आधी मांजर शोधायची. सरकारी ठशातलं, नखाएवढंही नसलेलं. मांजर म्हणजे जुना माल. पुढे सरकारनं मांजर काढून कमळ आणलं. हे तिला शहाताकाकानंच शिकवलेलं. जगाची चांदी तो भिंगाखाली धरायचा, घरची कधीच नाही. "घरच्या दागिन्याचा ठसा बघणं म्हणजे आईबापावर शंका घेणं," म्हणायचा.

तिचा बाप गेला त्याच आठवड्यात काकानं तिच्या आईच्या पायांतले तोडे उतरवून घेतले. "आमच्या आईचे आहेत, वहिनी." तोडे बापानं घेऊन दिलेले. आई भांडली नाही. झुरून गेली.

नबवियाला नुसते तोडे नको होते. ज्या शब्दावर सारा सराफा डोळे मिटून चांदी घेई, काकाचा तो शब्द तिला मोडायचा होता.

साखरपुडा.

काकाच्या मुलीचा, इनशिराहचा. दागिन्यांचं तबक हातोहात फिरत होतं. बायका एकेक नग तळहातावर तोलत, ललकाऱ्या देत. तबकात तेच तोडे.

"काका, हे आजीचेच ना?" नबवियानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"म्हणजे काय! हेच घालून माझी आई या घरात आली."

"शपथ?"

"देवाशपथ! पोरी, गुलाबाचं सरबत चढलं का तुला?"

हशा. तिनं तो पुरता विरू दिला.

फूल.

तिनं तोडा व्याह्यांच्या हाती ठेवला. बयूमीशेठ स्वतः सराफ, वर्षानुवर्षं काकाच्या शब्दावर माल घेणारे.

"शेठ, ठसा वाचा ना."

त्यांनी डोळे बारीक केले. "कमळ."

"आजी वारली तेव्हा कमळ होतं कुठं?"

"दुरुस्तीला दिले होते!" काका उसळला. "नव्यानं ठसा मारून आणले."

"मग जुना ठसा शेजारी हवा. मांजर कुठंय?"

"झिजलं असेल."

"फुलाची पाकळी न् पाकळी शाबूत, आणि मांजर तेवढं झिजलं? उंदरानं खाल्लं म्हणा की, काका!"

कुणी हसलं नाही.

(ठशात वर्षाचं अक्षरही असतं. ते वाचायची पाळीच आली नाही.)

"ताई, ने तोडे," इनशिराह कुजबुजली. "पण आज नको गं. पाया पडते."

"तुझ्याशी माझं भांडण नाही," नबविया म्हणाली, आणि दुसरा तोडाही उचलला.

बयूमीशेठनी बोटातली अंगठी काढली, काकाकडून घेतलेलीच, आणि दिव्याकडे धरली. त्यांच्या बायकोनं मनगटातलं कडं उलटं केलं. मग शेजारणीनं. मग खोलीभर माना खाली गेल्या.

"अहो, हे काय चालवलंय?" काका ओरडला.

कुणी वर पाहिलं नाही. नबवियानं सरबताचा पेला उचलला आणि ती घोटघोट प्यायला लागली.