सासूबाईंचा कमोड

मुकालाझीनं पाचर ठोकली, कमोडवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला. मग दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, तर कमोड पुन्हा डुगडुगला. सकाळपासून ही चौथी खेप. त्यानं पाना बादलीत भिरकावला आणि मेलेल्या सासऱ्याच्या नावानं बोटं मोडली.

ही जमीन सासऱ्यानं स्वतः ओतली होती, कुठल्याही गवंड्याला न विचारता. आधी एक उतार दाराकडे दिला, मग पाणी दारात साचतंय म्हणून दुसरा खिडकीकडे. माणूस गेला, दोन्ही उतार मागे राहिले. त्यावर जुना कमोड वर्षानुवर्षं हलत होता. शेवटी दोन महिन्यांपूर्वी त्यानं सासूबाईंना उजव्या अंगावर पाडलं आणि खुब्याचं हाड मोडलं. आज त्या मसाका शहरातल्या इस्पितळातून घरी येणार होत्या. मागच्या खड्ड्याच्या संडासात उकिडवं बसणं आता त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. आणि हा नवा कमोडही हलला, तर त्या पुन्हा पडणार होत्या.

बायको, नाकिंतू, गेल्याच वर्षी म्हणाली होती, आईचा कमोड एकदा बघून या. एवढा नावाजलेला प्लंबर, अर्ध्या मसाक्यातली कामं त्याचीच. पण सासूच्या मोरीत जायचं म्हणजे काय! त्यांच्या लोकांत रीतच होती: जावयानं सासूला हात लावायचा नाही, एका खोलीत थांबायचं नाही, ती बसते तिथं तर मुळीच टेकायचं नाही. टेकला, तर हातपाय लटपटायला लागतात म्हणतात. त्याला लटपटीची नाही, लोकांच्या हसण्याची भीती होती. बघू, बघू म्हणत त्यानं वर्ष काढलं. ते आता त्याला आतून खात होतं.

आणखी एका पाचरीनं तो हातांखाली हलेनासा झाला. पण कमोड खरा हलतो की नाही, हे हातानं कळत नाही. त्यावर माणूस बसावा लागतो, कलावा लागतो, उठावा लागतो. त्यानं सिमेंटची गोणी ठेवून पाहिली. गोणी ढिम्म बसून राहिली. शेजारच्या बाईला हातापाया पडून बसवलं. तिचं वजन चिमणीएवढं. काही हलत नाही हो, उगीच जिवाला घोर लावून घेता, असं म्हणून ती गेली. सासूबाई चांगल्या अंगापिंडानं भरलेल्या. त्यांच्या वजनाचं आसपास एकच माणूस होतं, आणि ते हातात हातोडी घेऊन उभं होतं.

कमोड आत घेताना दार काढलं होतं. मुकालाझीनं अंगणात डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. तो विजार न सोडता कमोडवर बसला, डोळे मिटले आणि हळूहळू इकडून तिकडे कलू लागला. कमोड डावीकडे खचत होता. बारीकसा, पण खचत होता.

त्यानं डोळे उघडले, तेव्हा चार पावलांवर, दाराच्या मोकळ्या चौकटीत सासूबाई कुबडीवर उभ्या होत्या. त्यांना धरून नाकिंतू.

सासूबाईंनी खांद्यावरच्या कापडानं तोंड झाकलं आणि पाठ फिरवली. नाकिंतूनं कपाळाला हात लावला. उठून बाहेर पडावं, तर सासूच्या अंगावरून जावं लागणार. बसून राहावं, तर बसला होता तो तिच्याच जागेवर. आपण मेलो का नाही, असं मुकालाझीला झालं.



“नाकिंतू,” सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “विचार त्यांना, कुठल्या बाजूला खचतोय?”

नाकिंतूनं विचारलं नाही. त्याला ऐकू आलंच होतं.

“डावीकडे,” तो म्हणाला. “जरासा.”

“सांग त्यांना, उठताना माझा सगळा भार डावीकडेच येतो. उजवा पाय आता कामाचा राहिला नाही.”

मुकालाझी खाली उतरला. गुडघ्यांवर बसून त्यानं डाव्या अंगाला आणखी एक पाचर सरकवली, ठोकली, बोल्ट आवळला. तळहातानं जोर लावून पाहिला.

“झालं,” तो म्हणाला. “आता नाही हलत.”

सासूबाई वळल्या नाहीत. पण या वेळी त्यांनी लेकीचं नाव घेतलं नाही.

“हातानं नको,” त्या म्हणाल्या. “बसून बघा.”